रॅशनल कार्ड

पावसाळा सरला की कोल्हापुरातली इंजिनिअरिंगची पोरं एकदम नम्र होतात. एरवी कॉरिडॉरमध्ये खांदा घासून जाणारा पठ्ठ्या "सर, जरा वेळ हाय काय?" म्हणत स्टाफरूमच्या दाराबाहेर चपला काढू लागला, की समजायचं, एलओआर आलं. म्हणजे परदेशातल्या विद्यापीठाला द्यायचं शिफारसपत्र. मजकूर पोरांनी आणलेलाच असतो, आपण सही ठोकायची. त्या मजकुरात प्रत्येक पोरगा लॉजिकल, रॅशनल आणि ॲनालिटिकल असतो. तिन्ही, आणि ह्याच क्रमानं. राजारामपुरीत कुठंतरी ह्याचा छापखाना असावा.

बाकीचे सहकारी डोळे मिटून सही करतात. मी एकेक शब्द पोरापुढं ठेवून विचारतो, "हे तू कधी होतास?" घरचे ह्याला आजार म्हणतात.

परवाचा पोरगा घरीच आला. शिवाजी पेठेतला, मेकॅनिकलचा. सोबत वडील आणि वडिलांच्या हातात म्हशीच्या दुधाची किटली. "लाच न्हवं सर, घरचंच हाय."

"रॅशनल का लिहिलंस?"

"म्हणजे सर, भावनेच्या आहारी न जाता निर्णय घेणारा."

ह्याच इसमानं, पेठेच्या टीमनं शाहू स्टेडियमवर पेनल्टी घालवली म्हणून अन्न गोड लागत नाही, असं कारण प्रॅक्टिकल चुकवल्याबद्दल मला लेखी दिलं होतं. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी वाद वाढवला नाही. रॅशनल आणि रेशन हे दोन्ही लॅटिनमधल्या 'रातिओ'चे, म्हणजे हिशेबाचे वंशज, एवढंच सांगितलं. वडील सावरून बसले. "मग रेशन कार्डाची झेरॉक्स जोडू काय?"

लॉजिकलला हात घालायचा तर आधी व्हॅलिड आणि साउंड यांतला फरक सांगणं भाग होतं. "हे बघ. रंकाळ्यावर भेळ खाणारा प्रत्येक जण पास होतो. तू रंकाळ्यावर भेळ खातोस. म्हणून तू पास होणार. निष्कर्ष आधीच्या दोन वाक्यांतून सरळ निघतो, म्हणून युक्तिवाद व्हॅलिड. पण पहिलं वाक्यच थाप आहे, म्हणून साउंड नाही."

पोरगं बराच वेळ छताकडं बघत राहिलं. "पण सर, मी पास झालोय की."

वडील मदतीला धावले. "रिझनेबल टाका. रेटबी रिझनेबलच असतोय." आता रिझनेबल माणूस ही तर कायद्यातली बडी असामी. इंग्लंडातल्या न्यायाधीशांनी त्याला क्लॅपहॅमच्या बसमध्ये बसवून ठेवलाय. 1903 च्या एका निकालात तो सापडतो. बसमधला हा साधा, बेताच्या अकलेचा, सावध उतारू अशा वेळी काय वागला असता, असं तिथली कोर्टं स्वतःला विचारतात. 2025 च्या ऑगस्टात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं, तेव्हापासून मला काळजी आहे. आपला उतारू केएमटीतला, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसमधला. तो दारातच उभा राहून दुसऱ्यांना "आत सरका की" म्हणणार, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडणार, उतरेपर्यंत हद्दवाढीचा प्रश्न निकालात काढणार, आणि उतरताना त्याच कंडक्टरला चहाला बोलावणार. ह्याच्या वागण्यावर निकाल द्यायचा म्हणजे न्यायमूर्तींची कसोटी आहे.

सेन्सिबल मी स्वतःच खोडलं. आपल्याकडं ज्याला माघार घ्यायला लावायची असते त्यालाच समजूतदार म्हणतात. वाटणीच्या बैठकीत "तू शहाणा आहेस" हे वाक्य कानावर पडलं की ओळखावं, रस्त्याकडंचा तुकडा गेला.

राहता राहिलं प्लॉझिबल. मूळ लॅटिन अर्थ टाळ्या वाजवण्याजोगा. म्हणजे खरं असो नसो, पब्लिकला पटलं पाहिजे. खासबागच्या कुस्ती मैदानात 1912 पासून टाळ्याच वाजतायत, पण निदान तिथं पाठ लागल्याशिवाय निकाल देत नाहीत. ह्या पोराची सबमिशन उशिरा आणण्याची कारणं पहिल्या प्रतीची प्लॉझिबल होती. लिहायला घेतलं, तर पोरगं म्हणालं, "सर, त्यात फसवल्यागत वाटतंय." शब्दाची जाण होती म्हणायची.

एव्हाना वडिलांचा धीर सुटला. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"सर, मी सातवी. चुकलं तर सांगा. शिफारसपत्र कशाला म्हणायचं? ज्यानं शिफारस हुती त्याला. खरं?"

"खरं."

"पोरगं फुटबॉलपायी जेवत न्हाई, हे लिवल्यावर शिफारस हुतीया?"

"नाही."

"म्हंजे तुमी जे खरं खरं लिवाय बसलाय, ते शिफारसपत्रच न्हवं. आता सांगा, हे व्हॅलिड, का साउंड?"

मी पहिल्या वाक्यात खोट शोधू लागलो. सापडेना. तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, दूध तापवलं हो मी!" म्हणजे किटली परत करायचा मार्गही बंद.

मी मान खाली घालून लिहिलं: कोजंट. समोरच्याला पटवून घ्यायलाच लावणारा, निसटायला फट न ठेवणारा. मनापासून लिहिलं, अगदी ठळक अक्षरात.

पोरानं वाकून वाचलं, मोबाईलवर अर्थ बघितला आणि हळूच म्हणालं, "सर, पण ॲडमिशन मला घ्यायचीय. पप्पांना न्हाई."