पेंडलबरीचे चारशे सामने फुकटचे नाहीत

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत ‘फुटी’मध्ये, चारशे सामन्यांचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो. रिचमंड क्लबच्या केव्हिन बार्टलेटचे 403 सामने अस्सल, मेलबर्नच्याच कॉलिंगवूड क्लबच्या स्कॉट पेंडलबरीने 2024 च्या ऑगस्टमध्ये गाठलेले 400 मात्र बाकावरची विश्रांती (सामना चालू असताना बाहेर बसून परत आत येणं), टक्कर टाळणं आणि नशीब यांच्या जोरावरचे, असं त्यात म्हटलेलं असतं.

आधी बाक. 1978 पर्यंत बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकत नसे, हे खरंच. पण त्या काळी बार्टलेटसारखे रोव्हर, म्हणजे चेंडूमागे धावणारे चपळ खेळाडू, दोघं आळीपाळीने खेळत. एक चेंडूमागे धावायचा, दुसरा फॉरवर्ड पॉकेटमध्ये, म्हणजे समोरच्या गोलजवळच्या कोपऱ्यात, उभा राहून दम खायचा आणि जमलं तर गोलही मारायचा. विश्रांती तेव्हाही होती, फक्त ती मैदानात मिळायची. आज पेंडलबरीसारखा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, दोनतीन मिनिटं बाहेर बसतो ते परत गेल्यावर पूर्ण वेगाने धावता यावं म्हणून. सामन्यात बारा-तेरा किलोमीटर धावायचं, त्यातही पुन्हापुन्हा स्प्रिंट. बाकामुळे खेळाचा वेग वाढला, आणि दमलेल्या पायांनी स्प्रिंट मारताना पोटरी किंवा हॅमस्ट्रिंग दगा देते.

शिवाय दावा करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. इंटरचेंजवर, म्हणजे खेळाडू आत-बाहेर करण्यावर, मर्यादा येत गेली ती नेमकी पेंडलबरीचं वय वाढत असताना. 2014 मध्ये एका संघाला सामन्यात 120 बदल, 2016 पासून 90, 2021 पासून 75. त्याचा जन्म जानेवारी 1988 चा. म्हणजे बाकाची गरज वाढू लागली तेव्हाच बाक आखडत गेला.

‘तो टक्कर टाळतो’ हे म्हणणाऱ्यांनी मैदानाच्या मधोमध खेळ सुरू होतो तो क्षण, म्हणजे 2025 पर्यंतचा ‘सेंटर बाउन्स’, नीट पाहावा. 50 मीटरच्या चौकोनात प्रत्येक संघाचे चारच जण, आणि चेंडू हातात आला की टॅकल, म्हणजे समोरच्याने पकडून पाडणं, आलंच. पळायला किंवा चेंडू सोडायला वाव मिळूनही पकडला गेलात तर ‘होल्डिंग द बॉल’, फ्री किक समोरच्याला. इथे घाबरट खेळाडू चेंडू मिळताच आंधळी लाथ हाणतो. पेंडलबरी उलट करतो: चेंडू घेतो आणि क्षणभर थांबतो. हात लांब करून चेंडू शरीरापासून दूर धरतो, अंगावर येणारा झेपावला की एक पाऊल बाजूला टाकतो आणि मोकळ्या साथीदाराला हँडबॉल, म्हणजे मुठीने मारलेला पास, देतो. ही बास्केटबॉलची सवय. तरुणपणी तो त्याच खेळात होता. 191 सेंटीमीटर उंची आणि डावा पाय यांचा फायदा होतोच, पण हे सगळं गर्दीत शिरूनच चालतं. बाहेर उभं राहून कोणी जुन्या पिढीतल्या रॉबर्ट हार्वेचा सर्वाधिक डिस्पोझल्सचा (किक आणि हँडबॉल मिळून) विक्रम मोडत नाही, आणि पेंडलबरीने तो मोडला.

नशिबाचं म्हणाल तर 2021 चा हंगाम त्याच्यासाठी पायाच्या फ्रॅक्चरने आधीच संपला, आणि 2025 च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे उपांत्य लढतीत, पोटरीच्या दुखापतीमुळे त्याला पहिल्याच क्वार्टरमध्ये बाहेर जावं लागलं. सलग सामन्यांचा विक्रम त्याचा नाहीच. जिम स्टाइन्सचे सलग 244 सामने 2025 मध्ये मागे टाकले ते त्याच्याच संघातल्या जॅक क्रिस्पने. पेंडलबरी दुखापतीनंतर परत येत राहिला आणि गरजेनुसार जागाही बदलत गेला. 2022 मध्ये तो हाफ-बॅकवरून, म्हणजे बचावाच्या फळीतून, खेळला.

राहिला आकड्यांचा हिशेब. बार्टलेटचे 403 सामने 1965 ते 1983 या 19 हंगामांतले. पेंडलबरीने 2006 मध्ये पदार्पण केलं आणि 400 वा सामना आपल्या 19 व्या हंगामात खेळला. गती जवळपास तीच. बार्टलेटच्या सुरुवातीच्या वर्षांत साखळी सामने 18 च असत, हे त्याच्या बाजूने धरायला हवं. मात्र 2020 मध्ये पेंडलबरीच्या संघाच्या वाट्यालाही साखळीचे 17 च सामने आले. आजची वैद्यकीय मदत जास्त चांगली आहे, हेही मान्य. पण बार्टलेटच्या बहुतेक कारकिर्दीत संघ व्हिक्टोरिया राज्यातच खेळत. आज पर्थला जायचं तर चार तासांचं विमान.

अर्थात प्रवासाचाच निकष लावायचा असेल तर कॉलिंगवूडला एमसीजीवर, म्हणजे मेलबर्नच्याच मैदानावर, भरपूर सामने मिळतात, तेव्हा पेंडलबरीआधी पर्थकडच्या फ्रीमँटल क्लबच्या डेव्हिड मंडीचे 376 सामने मोजायला हवेत. त्याला जवळजवळ दर दुसऱ्या सामन्यासाठी विमान पकडावं लागे.