पुस्तक पुण्यात छापलेलं, उघडतं मिशिगनमध्ये

रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला. पुण्यात तेव्हा सकाळ. "मावशी, ही लिंक तुझ्याकडे उघडते का बघ ना." ती पीएचडी करते, विषय शंभर वर्षांपूर्वीची मराठी पाकशास्त्राची पुस्तकं. लिंक हाथीट्रस्ट या अमेरिकी विद्यापीठांच्या डिजिटल ग्रंथालयाची, पुस्तक १९१५ साली पुण्यातच छापलेलं. तिला नुसता शब्द शोधता येत होता, वाचता काही येत नव्हतं. इथे मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, तर आख्खं पुस्तक समोर. अनारशांच्या पानावर स्कॅन करणाऱ्याचं बोटसुद्धा आलंय, रबरी टोपी घातलेलं.

कारण कायद्यात आहे. अमेरिकी कायद्यानं छापून ९५ वर्षं उलटली की पुस्तक प्रताधिकारातून, म्हणजे कॉपीराइटमधून, मोकळं होतं. भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी. लेखक कधी गेला हेच ठाऊक नसेल, तर ग्रंथालय हात राखून वागतं आणि परदेशात छापलेलं पुस्तक फक्त अमेरिकेतल्या वाचकाला दाखवतं. स्कॅन झालं, साठवलं, नोंद झाली. अडलं कुठे, तर एका माणसाच्या मृत्यूच्या सालापाशी. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

सध्या भारतात फोन केला की ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा वाद ऐकायला मिळतो. केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली योजना: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, संशोधनाची सुमारे १३,००० जर्नल्स, सरकारी संस्थांतल्या पावणेदोन कोटींहून जास्त विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना खुली. एक मित्र म्हणतो, आता गडचिरोलीतलं पोरगंही आयआयटीवाल्याच्या बरोबरीनं वाचेल. दुसरा म्हणतो, एवढे पैसे परदेशी प्रकाशकांच्या घशात कशाला? मला पहिल्याचं जास्त पटतं. एकजुटीनं घासाघीस केल्याशिवाय हे प्रकाशक नमत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठानं २०१९ मध्ये एल्सव्हिअर या बड्या जर्नल-प्रकाशकाशी करार मोडला तेव्हा नवा करार व्हायला दोन वर्षं लागली, आणि ते तर श्रीमंत गिऱ्हाईक. अमेरिकेतली ग्रंथालयंसुद्धा पुष्कळशी ई-पुस्तकं भाड्यानंच वापरतात, तेव्हा इथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये.

पण वर्गणी ती वर्गणीच, संपली की हातात काही उरत नाही. गणपतीचा मांडव निदान दहा दिवस दिसतो तरी!

मिशिगन विद्यापीठाची गोष्ट मला म्हणूनच वेगळी वाटते. इथल्या सत्तर लाख पुस्तकांचं स्कॅनिंग आपल्या वेगानं करायला हजार वर्षं लागतील, असा विद्यापीठाचा अंदाज होता. इथलाच माजी विद्यार्थी, गुगलचा सहसंस्थापक लॅरी पेज म्हणाला, सहा वर्षांत करू. डिसेंबर २००४ मध्ये गुगलनं काम जाहीर केलं. विद्यापीठाची हुशारी पुढे दिसली: प्रत्येक स्कॅनची एक प्रत आमच्याकडे राहील, अशी अट करारातच घातली होती. २००८ मध्ये इतर विद्यापीठांना बरोबर घेऊन त्याच प्रतींतून हाथीट्रस्ट उभा राहिला. आज त्यात १ कोटी ८० लाखांच्या वर खंड आहेत. त्याच साली इथल्या ग्रंथालयानं कारकुनी वाटावं असं एक काम हाती घेतलं, एकेका पुस्तकाचा प्रताधिकार जिवंत आहे की संपला हे तपासायचं. आधी अमेरिकी पुस्तकं, मग ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातली. लेखकांची मृत्युवर्षं धुंडाळत माणसं बसली आणि लाखो पुस्तकांची शहानिशा झाली.

मराठी लेखकांची कोण धुंडाळणार? ते ॲन आर्बरमध्ये बसून व्हायचं नाही. त्याला जुने केसरीचे अंक चाळणारा, कुणाच्या नातवाला फोन लावणारा माणूस लागतो. आणि आपल्याकडे पाया घातलेला आहे. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली छापून झाली, संगणकाचं नावही नव्हतं तेव्हा. त्या सूचीतल्या प्रत्येक नावापुढे एक साल भरायचं, एवढंच काम. एम.ए. मराठीच्या मुलांना दोन वर्षं मानधन देऊन कुठलंही विद्यापीठ हे करू शकेल.

आपण स्कॅन केलंच नाही असं नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियानं लाखो पुस्तकं स्कॅन केली. पुढे तिचं संकेतस्थळच बंद पडलं आणि त्यातली पुष्कळशी पुस्तकं आज वाचायला मिळतात ती अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हवर. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर लाखो प्रबंध आहेत, ते खरोखर मोठं काम. पण भाचीनं एक जुना मराठी प्रबंध उतरवला आणि त्यातला परिच्छेद कॉपी केला, तर तिच्या फाइलीत ‘÷ãUæ’सारखी गिचमिड उमटली. युनिकोड ही सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टात टाइप केलेला. दिसायला देखणा, शोधायला मुका. तिच्या गाईडनं सुचवलेला उपाय: पुन्हा टाइप कर.

त्या रात्री मी पीडीएफ उतरवून तिला पाठवली. लेखकाचं नाव देऊन म्हटलं, हे कधी गेले ते तिकडेच शोध, म्हणजे हाथीट्रस्टला कळवता येईल. दोन दिवसांनी उत्तर आलं: सदाशिव पेठेत त्यांचा पणतू सापडला, पण त्यालाही साल आठवत नाही, "पानशेतच्या आधी गेले" एवढंच म्हणतो. पानशेतचं धरण फुटलं १९६१ साली. हिशेब पुरेसा होता. मी इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडले, पुरावा म्हणून पूर कसा जोडायचा?