आपलीच मुलगी, तिला काय विचारायचं!

सप्टेंबर लागला की माझ्या इनबॉक्समध्ये म्युनिकला येणाऱ्या मुलींचे मेसेज सुरू होतात. ऑक्टोबरात विंटर सेमिस्टर, आणि खोलीचा पत्ता नाही. मजकूर ठरलेला: "ताई, रूममेट म्हणून मराठी मुलगी असेल तर सांगा ना. व्हेज असेल तर फारच छान." परवाही एक आला. तिला फोनवर जे बोलले तेच इथे लिहितेय.

मीही आले तेव्हा हेच शोधत होते. मिळालीही. पहिल्या व्हिडिओ कॉलवर पाऊण तास गप्पा, त्यातली दहा मिनिटं वरणात गूळ घालायचा की नाही यावर. घराचा करार कुणाच्या नावावर आहे, हे विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, जिभेवर आलं होतं. पण आपलीच मुलगी, तिला काय वाटेल!

इथे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आनमेल्डुंग. त्याला घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. (कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. एका दमात म्हणायला मला दीड वर्ष लागलं.) तो मागितला तेव्हा कळलं, मी तिथे राहते हे मालकाच्या गावीच नव्हतं. ती भाडेकरू, मी तिची पोटभाडेकरू, आणि तेही परवानगीशिवाय. नोंदणी नाही म्हणून टॅक्स आयडी नाही, तो नाही म्हणून पहिल्या पगाराला सहाव्या टॅक्स क्लासची, म्हणजे सगळ्यात जास्त कर कापणाऱ्या गटाची, कात्री. पैसे पुढे परत मिळाले, पण तो महिना कसा काढला ते विचारू नका. डिपॉझिट रोख दिलेलं, पावती नाही. 'भीड भिकेची बहीण' शाळेत नुसतं पाठ केलं होतं, अर्थ तिथे कळला.

ती वाईट नव्हती हो. मी तापाने पडले तेव्हा तीन दिवस पेज करून दिली तिने. तिलाही आधी कुणीतरी असंच ठेवून घेतलं होतं.

भीड तिलाही होतीच. ती पुण्याच्या टीमबरोबर काम करायची. उन्हाळ्यात भारत इथून साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडचे नऊ ते इथले पहाटेचे साडेपाच. रोज भिंतीपलीकडून "आवाज येतोय का? हॅलो?" मी उशी कानावर घेऊन पडून राहायची. आणि मी? स्वयंपाकघराचं दार सताड उघडं टाकून हिंगाची फोडणी द्यायची, आणि पॅसेजमध्ये खुंटीला तिचा ऑफिसचा लोकरी कोट. पाच महिने ती गप्प होती. मग एका रविवारी दोघींनी एकमेकींचं सगळं एकदम काढलं. कोटावरून सुरू झालेलं भांडण कुठल्या कुठे गेलं.

व्हेज-नॉनव्हेज विचारायला मात्र कुणाला भीड वाटत नाही, हे नवलच. त्याचा तोडगा फार तर वेगळा तवा आणि फ्रीजचा एक कप्पा!

पुढच्या खोलीच्या वेळी मी निर्लज्ज झाले. करार कुणाचा, नोंदणीचा कागद मिळेल ना, लेटरबॉक्सवर माझं नाव लागेल ना? (नाव नसलं तर पत्र परत जातं, आणि टॅक्स आयडी टपालानेच येतो.) डिपॉझिट किती? कायद्याने ते तीन महिन्यांच्या काल्टमीटहून, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून जे भाडं उरतं त्याहून, जास्त घेता येत नाही. रेडिओ-टीव्हीची फी घरटी महिना १८ युरो ३६ सेंट, ती कोण भरतं? समोरची मुलगी शांतपणे उत्तरं देत गेली आणि शेवटी म्हणाली, "तुझा कुणी मित्र राहायला येणार असेल, तर आठवड्यात किती रात्री?" मी गोरीमोरी झाले. मला हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या घरात मी तीन वर्षं राहिले.

परवाची मुलगी म्हणाली, "पण ताई, एवढं विचारल्यावर ती नाहीच म्हणाली तर?" म्हटलं, आत्ता म्हणू दे, चार बॅगा घेऊन दारात उभी राहिल्यावर नको.

काल तिचा मेसेज आला. विचारलं तिने. कागदाचं 'बघू' असं उत्तर आलंय. पहिले तीन आठवडे ती हॉस्टेलवर काढणार आहे. नोव्हेंबरपासून कुणाकडे खोली असेल, कागदासकट, तर मला इनबॉक्स करा. मुलगी व्हेज आहे, पहाटे कॉल नसतात, आणि फोडणीचं मी तिला सांगून ठेवलंय.