किडा फ्रीजमध्ये ठेवून फोटो काढू नका

पावसाळा आला की मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे दिसणारे फोटो काढणाऱ्यांत एक सल्ला हमखास फिरतो: "किडा डबीत पकडा, दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, सुस्त झाला की निवांत फोटो काढा. त्याला काही होत नाही. शास्त्रज्ञही हेच करतात. एरवी शार्प फोटो मिळतच नाही."

"त्याला काही होत नाही." कीटकाच्या अंगाचं तापमान भोवतालच्या हवेवर ठरतं. फ्रीजमध्ये साधारण ४ अंश असतात. कोकणातल्या नाकतोड्याने एवढी थंडी जन्मात पाहिलेली नसते. उष्ण प्रदेशातल्या अनेक कीटकांना गोठणबिंदूच्या बऱ्याच वरही थंडी बाधते. शरीरातल्या क्षारांचा तोल जातो आणि थंडी लांबली तर स्नायूंच्या पेशी मरू लागतात. दहा मिनिटांत प्रत्येक किडा मरेल असं नाही. पण कोणती जात किती वेळ तग धरेल, हे सल्ला देणारा सांगू शकत नाही. शिवाय फोटोनंतर पानावर सोडलेला सुन्न किडा मुंग्यांच्या तावडीत आयता सापडतो.

"शास्त्रज्ञही हेच करतात." फळमाश्या बर्फावर सुस्त करतात, हे खरं. पण ती प्रयोगशाळेत वाढवलेली, पुरती अभ्यासलेली जात. आणि त्याच माश्यांचं वागणं तपासायचं असेल, तर आधी त्यांना सावरायला वेळ देतात, कारण थंडीने वागणं बदलतं. म्हणजे हा दाखला सल्ल्याच्याच विरोधात जातो.

"शार्प फोटो मिळतच नाही." हे मला सर्वांत खटकतं, कारण नवशिक्यांना इथेच चकवा बसतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ ला, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा उमटेल इतक्या जवळून, एफ/८ हे छिद्र (अॅपर्चर) ठेवलं, तर जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा भाग शार्प येतो. बहुतेक फोटो फसतात ते आपण श्वास घेताना तेवढे पुढेमागे झुलतो म्हणून. किडा गारठवून आपला हात स्थिर होत नाही! कोपर गुडघ्यावर टेकवा, डोळ्यावर फोकस धरा, कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर ठेवा. कमी ताकदीवर लावलेल्या फ्लॅशचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका छोटा असू शकतो. मुंगीची धावपळही त्यात थांबते. फ्लॅशपुढे डिफ्युजर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारा पडदा, हवाच.

वेगवेगळ्या जागी फोकस केलेल्या अनेक फ्रेम जोडून पूर्ण शार्प फोटो करायचा असेल तर पहाटे जा. ऊन येईपर्यंत चतुर काडीला धरून बसलेले असतात, त्यांचे उडण्याचे स्नायू तापलेले नसतात. निळ्या पट्ट्यांच्या मधमाशीचे नर संध्याकाळी देठाला जबड्याने घट्ट धरून झोपतात. ही त्यांची खरी ठेवण असते. फ्रीजमधून काढलेल्या किड्याचे पाय आखडलेले असतात आणि दमट हवेत त्याच्या अंगावर लगेच पाणी धरतं. तेच पुढे 'दवबिंदू' म्हणून मिरवतं.

आणि कायद्याचं काय? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या व्याख्येत पकडणंही येतं. काही फुलपाखरं त्याच्या अनुसूचींत, म्हणजे संरक्षित जातींच्या याद्यांत आहेत. अभयारण्यातून तर कोणताही किडा परवानगीशिवाय डबीत घालून आणता येत नाही.