एक सही द्या, बाकी मुलं बघतील

मृत्युपत्राचा विषय घरात कुणी काढलाच, तर तो तिथल्या तिथे हाणून पाडा. मृत्युपत्र म्हटलं की दोन साक्षीदार गाठावे लागतात, कुणाला काय द्यायचं ते नावानिशी लिहावं लागतं आणि लिहिताना आपण एक दिवस नसणार, हे निदान अर्धा तास तरी कबूल करावं लागतं. त्यापेक्षा पॉवर ऑफ ॲटर्नी बरी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारं मुखत्यारपत्र. स्टॅम्प पेपर आणायचा, टाइप करून घ्यायचा, सही ठोकायची. संध्याकाळी फिरायला गेल्यावर चारचौघांत सांगता येतं, ‘आमचं सगळं करून ठेवलंय.’

सगळं म्हणजे नेमकं काय, हे चारचौघे विचारत नाहीत. तुम्हीही विचारू नका.

मुखत्यार कुणाला करायचं, म्हणजे हा अधिकार कुणाच्या हाती द्यायचा, यावर डोकं शिणवू नका. थोरल्याला करा. तो कर्जात असला तर फारच चांगलं, कारण गरजू माणूस काम मन लावून करतो. गेली काही वर्षं तुमची औषधं, बँक आणि वीजबिल मुलगी बघते आहे, हे खरं. म्हणूनच तिला आणखी त्रास नको. अगदीच राहवत नसेल तर दोघांची नावं घाला, पण दोघांनी मिळून सही करायची की एकट्याची चालेल, ते मोघम ठेवा. भावंडांना पुढे बोलायला काही विषय हवा ना? मुखत्यारच आधी गेला तर काय, हा प्रश्न वकील काढेल. त्याच्या मृत्यूनेही पॉवर संपते, म्हणून पर्यायी नाव घाला, असंही सुचवेल. वकिलांना अभद्र बोलायची सवयच असते.

आणि हिशेब मागू नका. करार अधिनियमाच्या कलम 213 नुसार मुखत्याराने हिशेब द्यायचा असतो, पण मागितल्यावर. तुम्ही मागितला नाहीत की कायदाही गप्प आणि घरही शांत. न्यूयॉर्कच्या ब्रुक ॲस्टर या धनाढ्य बाईंचा कारभार त्यांचा एकुलता एक मुलगा बघत असे, पॉवरही त्याच्याकडेच. आईचे पैसे सांभाळण्याबद्दल त्याने स्वतःला घसघशीत पगारवाढ देऊन टाकली आणि 2009 साली ज्यूरीने त्याला त्याबद्दल दोषी ठरवलं. तेव्हा तो 85 वर्षांचा होता. पोरगं हाताबाहेर जायला वयाची अट नसते. पण ते तिकडे. आपली मुलं तशी नाहीत, हे तुम्ही त्यांच्या तोंडावरच सांगत असता.

मसुदा स्वतः लिहू नका. कुणाच्या तरी जुन्या दस्तावरून उतरवून घ्या. तुम्हाला खरं तर भाडं वसूल करायला, सोसायटीच्या कागदांवर सह्या करायला आणि बँकेत खेपा घालायला माणूस हवा असतो. तेवढंच लिहिलं तर कागद अर्ध्या पानात संपतो आणि दस्ताला भारदस्तपणा येत नाही. म्हणून विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे, कर्ज काढणे, भाडेपट्ट्याने देणे, दावे लावणे, दाव्यांत तडजोड करणे, आणि वरीलपैकी काही राहिलं असल्यास तेही करणे, असं सगळं घाला. गंमत अशी की एवढं लिहूनही न्यायालयं हा कागद काटेकोरपणे वाचतात आणि जो अधिकार स्पष्ट दिलेला नाही तो दिलेलाच नाही असं धरतात. म्हणजे विकायची मुभा धडधडीत दिलेली असते, आणि ज्या बारीकशा कामासाठी हा सगळा खटाटोप, ते नेमकं राहून गेलेलं असतं.

शेवटी ‘सदर कुलमुखत्यारपत्र कायमस्वरूपी असून ते रद्द करता येणार नाही’ हे वाक्य हवंच. वाचायला फार भरभक्कम वाटतं. त्या मालमत्तेत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तरच कलम 202 प्रमाणे पॉवर सहसा रद्द करता येत नाही, नुसतं वाक्य लिहून ती कायमची होत नाही. पण एवढ्या चांगल्या वाक्याला कायद्याने कशाला नाट लावायचा?

हे सगळं नोटरीसमोर उरका. तुम्ही सही केलेला विक्रीचा दस्त मुखत्याराने तुमच्या वतीने नोंदणीला द्यायचा असेल, तर 1908 च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम 33 प्रमाणे पॉवर दुय्यम निबंधकासमोर साक्षांकित झालेली लागते. तुमच्याने घराबाहेर पडवत नसेल तर निबंधक घरी येऊनही ते करू शकतो. ही सोय कुणाला सांगू नका, उगाच लोक वापरायला लागतील.

आता मुहूर्त. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि इथेच लोक घाई करतात. हातीपायी धड असताना पॉवर कशाला? विसरायला होऊ लागेल, नातवाच्या नावाने मुलाला हाक मारली जाईल, मग बघू. तोवर थांबलात तर त्या सहीला अर्थ राहत नाही, कारण कशावर सही करतो आहोत हे सही करणाऱ्याला कळायला लागतं. पण समजा, उत्साहाच्या भरात वेळेवर केलीत. तरी काळजी नको. करार अधिनियम 1872 सालचा आहे आणि त्याच्या कलम 201 मध्ये लिहून ठेवलंय की पॉवर देणारा वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की मुखत्यारी संपते. म्हणजे तुम्ही ठणठणीत असता, स्वतः बँकेत जाऊन वर कारकुनाशी भांडूही शकता, तोवर पॉवर व्यवस्थित चालते. तुम्ही खाटेवर पडता, समोरचं माणूस ओळखू येत नाही, ज्या दिवसासाठी म्हणून हा कागद केला तो दिवस उगवतो, आणि त्याच दिवशी कागदाची रद्दी होते.

इतर देशांना ही गंमत कळली नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने 1954 मध्येच कायदा करून टाकला की दस्तात तसं लिहिलं असेल तर देणाऱ्याची शुद्ध हरपल्यावरही पॉवर टिकेल. इंग्लंडने 1985 मध्ये तोच मार्ग धरला, आणि 2007 पासून तिथे पैशासाठी वेगळी आणि उपचारांसाठी वेगळी अशी टिकाऊ पॉवर करता येते. आपला पॉवर ऑफ ॲटर्नी कायदा 1882 चा. त्याला अशी कसलीही घाई नाही.

मग घरच्यांनी काय करायचं? उच्च न्यायालयात जायचं. कोमात गेलेल्या माणसाचा पालक नेमण्यासाठी सरळ असा कायदा नसल्यामुळे लोक राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली याचिका करतात. नवऱ्याच्याच ठेवीतून नवऱ्याचंच रुग्णालयाचं बिल भरायची परवानगी बायको न्यायाधीशांकडे मागते. वाट बघण्याच्या खोलीत बसून नुसतं झुरण्यापेक्षा हे बरं, वेळ जातो. ज्यांना हे नको असतं ते लोक बँकेत ‘कुणीही एक किंवा हयात’ असं संयुक्त खातं उघडून ठेवतात. थोडे जास्तच धूर्त लोक हयातीत खासगी ट्रस्ट करतात, म्हणजे मालमत्ता घरच्यांसाठी विश्वस्ताच्या हवाली करून ठेवतात. ट्रस्ट करणाऱ्याची शुद्ध गेली म्हणून विश्वस्ताचं काम थांबत नाही, आणि तो कायदासुद्धा 1882 चाच आहे. उपचारांपुरतं म्हणाल, तर आयुष्याच्या अखेरीला यंत्रांवर ठेवायचं की नाही हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला आणि 2023 मध्ये त्याची कटकटही कमी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. पण त्यातही आपण आजारी पडू शकतो हे मान्य करावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच.

तुम्ही गेल्यावर मात्र पॉवरची खरी धावपळ सुरू होते. मृत्यूचा दाखला हाती पडायच्या आत मुखत्याराने बँक गाठायची, अशी पद्धत आहे. कायद्याने तुमच्या मृत्यूबरोबरच त्याचे अधिकार संपलेले असतात. करार अधिनियमाचं कलम 209 त्याच्याकडून एवढीच अपेक्षा करतं की त्याच्या हवाली असलेल्या गोष्टी जपाव्यात, सांभाळाव्यात. पैसे काढून घेणं म्हणजेसुद्धा सांभाळणंच, असं थोरला म्हणेल. धाकटी फौजदारी वकिलाचा नंबर शोधत असेल.

फ्लॅटही पॉवरवरच कुणाच्या तरी नावे करून टाकायचा बेत असेल तर 2011 चा सूरज लॅम्प खटला वाचू नका. नुसत्या जनरल पॉवरवर, विक्रीच्या करारावर आणि जोडीला मृत्युपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलंय. नॉमिनी घातलाय म्हणून निश्चिंत असाल तर 2023 चा निकालही वाचू नका. शेअर्सचा नॉमिनी हा मालक नव्हे, वारसांचा हक्क तसाच राहतो, असं तो म्हणतो. तुमच्या जागी मृत्युपत्र करणं तर मुखत्याराला कधीच जमत नाही. ते एक काम तुम्हालाच करावं लागतं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. इतक्या स्वस्तातल्या गोष्टीवर शहाण्या माणसाने विश्वास कसा ठेवायचा?

एवढं करून मध्येच तुमचं मन बदललं, थोरल्याचे रंग दिसायला लागले, तर पॉवर रद्द करता येते. तीही तोंडी करा, जेवताना, टीव्ही चालू असताना. लेखी रद्दपत्र करणं, दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं, बँकेला आणि सोसायटीला पोच घेऊन कळवणं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणं, हे सगळं भांडखोर लोक करतात. कलम 208 प्रमाणे पॉवर संपल्याचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यापुरती ती चालूच राहते. म्हणून बँकेच्या मॅनेजरला कळू न देणं हाच घरातल्या शांततेचा मार्ग. आणि मूळ कागद थोरल्याकडेच राहू द्या. परत मागितलात तर तुमचा त्याच्यावर विश्वास नाही असं त्याला वाटेल.