एका दिवसात पाच शातो?

भारतातून मित्रमंडळी आली की मला मनापासून आनंद होतो, पण फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले सगळे शातो, म्हणजे जुने राजवाडे आणि गढ्या, एकाच दिवसात उरकण्याचा त्यांचा हट्ट आता मला असह्य झाला आहे. सकाळी पॅरिसहून निघायचे, शाँबोर, शव्हेर्नी, ब्ल्वा, आंब्वाझ आणि शनाँसो ही पाचही नावे यादीतून खोडायची आणि रात्री जेवायला पॅरिसला परतायचे, हा प्रवास आहे की नुसती हजेरी? 1519 साली बांधायला घेतलेल्या शाँबोरमध्ये 400हून अधिक खोल्या आहेत आणि मधोमध असा दुहेरी जिना आहे, की चढणारा व उतरणारा एकमेकांना झरोक्यांतून दिसतात, पण वाटेत कुठेही समोरासमोर येत नाहीत. तो जिना एकदाही चढायचा नसेल, तर इथवर यायचे कशाला? अंगणात फोटो निघाला, की लगेच पुढच्या शातोची चौकशी सुरू होते! शेर नदीवर पुलासारखे उभे असलेले शनाँसोचे दालन पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे रुग्णालय होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच नदीने जर्मनव्याप्त प्रदेश जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच विशी सरकारच्या प्रदेशापासून वेगळा केला होता, हे मी सांगू लागते तोवर मंडळी वाहनतळाकडे वळलेली असतात. वाटेतली गावे आणि द्राक्षमळे गाडीत झोपेत जातात. शिवाय तीन वाजता भूक लागते; खेड्यातल्या उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दोनच्या सुमारास बंद होतात, हे कितीदा सांगायचे? दोनच शातो निवडा आणि रात्री आंब्वाझलाच राहा, एवढेच माझे मागणे असते. त्यावरही उत्तर येते, की परवा स्वित्झर्लंड आहे.