एक टॅब, पाच माणसं: ‘वेगळे यूजर बनवून वैताग झाला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई. जुळे सोलापूरहून तुम्ही लिहिलेल्या लांबलचक प्रतिक्रियेचा मथितार्थ असा: आमचा लेख वाचून तुम्ही घरच्या टॅबवर पाच जणांचे पाच यूजर, म्हणजे प्रत्येकाचा आपापला वेगळा कप्पा, बनवले. आठवड्याभरात टॅब हँग व्हायला लागला, मुलाची पुस्तकं गायब झाली आणि सासूबाईंनी त्याला हात लावणंच सोडलं. वर तुमचा सवाल, की एका घरात राहतो तर लपवायचंय काय? सगळ्यांना एकच खातं आणि एकच पिन का नको?

हँग होण्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे आणि चूक आमची आहे. यूजर कसे बनवायचे ते लिहिलं, पण किती बनवायचे ते लिहायचं राहून गेलं. तुमच्या टॅबची रॅम, म्हणजे चालू कामांसाठीची जागा, 3 जीबी आहे. यूजर बदलला की आधीचा बंद होत नाही, तो मागे चालूच राहतो. त्याचे मेल येत राहतात, व्हॉट्सॲप जागं असतं. 3 जीबीत असे जितके जास्त मागे चालू राहतात तितका टॅब रेंगाळतो, कीबोर्ड उघडायलाही वाट बघावी लागते. 32 जीबी साठवणीचंही तसंच. एकच ॲप तिघांनी घेतलं तरी ते टॅबमध्ये एकदाच बसतं, पण त्याचा डेटा प्रत्येकाचा वेगळा साठतो.

तेव्हा पाच नकोत, तीन ठेवा: एक तुम्हा दोघांचा, एक दोन्ही मुलांचा, एक सासूबाईंचा. आणि रोज सकाळी टॅब एकदा रीस्टार्ट करा. मागे चालू राहिलेले यूजर त्याने बंद होतात आणि ज्याचा त्याने पिन टाकेपर्यंत पुन्हा सुरू होत नाहीत. एवढ्यानंच निम्मी तक्रार मिटेल. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ असतोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या भाचरांना तोच द्या आणि ती गेली की गेस्टचा डेटा पुसून टाका.

उरलेले दोन यूजर काढून टाकण्याआधी मात्र थांबा. यूजर काढला की त्यातले फोटो आणि फाइली कायमच्या जातात, परत आणता येत नाहीत. आधी त्या यूजरमध्ये शिरून हवं ते गुगल ड्राइव्हवर चढवा, दुसऱ्या यूजरच्या खात्याला शेअर करून तिथून ते उघडतंय का बघा, मगच काढून टाका. यूजरची यादी बहुतेक टॅबवर सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’खाली असते, सॅमसंगवर ‘अकाउंट्स अँड बॅकअप’मध्ये.

पुस्तकं गायब झालेली नाहीत. बालभारतीच्या पीडीएफ तुम्ही तुमच्या यूजरमध्ये उतरवल्या असणार. एका यूजरचं डाउनलोड दुसऱ्याला दिसत नाही, फोटोंचंही तेच. मुलांच्या यूजरमध्ये जाऊन तिथेच पुन्हा उतरवा, नाहीतर ड्राइव्हवर एक फोल्डर करून मुलांच्या खात्याला शेअर करा. घरच्या फोटोंसाठी गुगल फोटोजमध्ये शेअर केलेला अल्बम करा.

आता ‘लपवायचंय काय’. लपवायचं काहीच नाही हो, पण एकच खातं ठेवलं तर काय होतं बघा. मुलीने तासभर कार्टून पाहिलं की सासूबाईंच्या यूट्यूबवर अभंगांच्या जागी कार्टून येतं. तुमचं व्हॉट्सॲप टॅबला जोडलेलं असेल तर ऑनलाइन क्लास चालू असताना वरून निरोप टपकतात आणि मुलगा गमतीत एखाद्याला उत्तरही देऊन बसतो. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड हाती टॅब असेल त्याला आयते भरून मिळतात. हे सगळं एकमेकांच्या पायात येणं आहे, त्यात चोरी कुणाचीच नाही. बँकेचं आणि यूपीआयचं ॲप तर यूजर वेगळे असले तरी घरच्या टॅबवर नकोच, ते फोनवरच ठेवा.

सासूबाई घरी तेलुगू बोलतात असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांच्या यूजरची भाषा तेलुगू करा, अक्षर दोन पायऱ्या मोठं करा आणि पडद्यावर चारच चिन्हं ठेवा. भाषा आणि अक्षराचा आकार दर यूजरला वेगळा ठेवता येतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आजी तेलुगूत, नातवंडं मराठीत आणि शाळा इंग्रजीत असते, तिथे वेगळ्या यूजरचा खरा उपयोग हाच. फक्त सोपं व्हावं म्हणून त्यांचा यूजर बिनपिनचा ठेवू नका. मुलांची वेळ संपली की ती आजीच्या यूजरमध्ये शिरून गेम खेळतात, हा प्रकार घरोघरी आहे. चार ठिपक्यांचा सोपा पॅटर्न त्यांना जमतो.

टॅबचा मुख्य यूजर, म्हणजे मालक, कोण आहे तेही तपासा. पुष्कळ घरांत टॅब ‘ज्याला कळतं’ त्या पोराने सुरू केलेला असतो, म्हणून मालक तोच होतो. इतरांचे यूजर काढून टाकणं आणि नवे घालणं मालकाच्या हातात असतं, तेव्हा मालक मोठं माणूसच हवं. त्याचा पिन विसरला तर टॅब पुसून नव्याने लावावा लागतो आणि मग तो आधीचंच गुगल खातं मागतो. ते खातं आणि पासवर्ड कागदावर लिहून रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा.

‘चार्जिंगवरून रोज भांडण’ असंही तुम्ही लिहिलंय, त्याला यूजर काय करणार? पण तुम्ही लिहिलेला फोनचा जुना चार्जर 1 अँपिअरचा, म्हणजे 5 वॉटचा आहे. 8000 एमएएचची बॅटरी त्यावर भरायला सात-आठ तास जातात. 2 अँपिअरचा, 10 वॉटचा घ्या, साधारण निम्म्या वेळात काम होईल. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नका, टॅब तापला की स्वतःच चार्जिंग थांबवतो किंवा अगदी हळू करतो. रात्री जेवणं झाल्यावर लावा. आणि घरात कापड विणायचा माग असेल तर चार्जिंगच्या खाचेत कापसाची तूस जाऊन बसते, केबल पूर्ण आत जात नाही, जरा हलली की चार्जिंग तुटतं. टॅब बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने तूस काढा. मधल्या पट्टीला धक्का नको, सुई तर नकोच.

दिरांच्या आयपॅडवर यूजरचा पर्याय सापडत नाही म्हणालात. घरगुती आयपॅडवर तो नसतोच. तिथे वापराची वेळ आणि ॲप यांवर मर्यादा घालणाऱ्या ‘स्क्रीन टाइम’ला वेगळा पासकोड लावा आणि मुलाच्या हाती एकच ॲप द्यायचं असेल तेव्हा ‘गाइडेड ॲक्सेस’ सुरू करा. अँड्रॉइडच्याही काही कंपन्या यूजरचा पर्याय काढून टाकतात. पुढचा टॅब घेताना दुकानातच सेटिंग उघडून तो आहे का ते बघा. तुमच्या सध्याच्या टॅबचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती खाली लिहिलीत, तर कुठे काय दाबायचं ते नेमकं सांगतो.